ताईच्या बैठकीचं सरबत

सांगू का नको, सांगू का नको करत तीन आठवडे काढले. पण आता चहा घेऊन बसलोच हावोत, तर ऐका. गाढवपणा सगळेच करतात हो. पण आख्ख्या खानदानाला एका सतरंजीवर बसवून, वर पंखा लावून, बर्फ घालून गाढवपणा पाजणारा माणूस तुम्ही बघितला न्हाई. बघून घ्या. समोर बसलाय.

चहा पाणचट झालाय, माहीत हाये मला. मीच केलाय. रेखा, म्हंजे माही बायको, घरी न्हाई. ती कुठं गेली ते पुढं येईलच.

तर आधी ताईचं सांगतो. ताई माही मोठी बहीण, हसनाबादला दिलेली. तिचा नवरा, आमचे दाजी, तसा माणूस लाख. शेती बरी, बोलणं गोड, कोणाला अरे-तुरे करणार न्हाई. पण दिवस कलला का दाजी घराकडं यायच्या ऐवजी बाटलीकडं जायचे. ताईनं आठ वर्षं काढली. शेवटी संक्रांतीला माहेरी म्हणून आली, ती परत गेलीच न्हाई.

चार महिने झाले. जुन्या जालन्यात आमच्या दोन खोल्या, त्या बी कापडाच्या दुकानावर. तिथं आई, रेखा, मी अन् ताई. ताई काही बोलायची न्हाई. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून झाडझूड करायची, भांडी घासायची, जसं काही स्वतःच्या माहेरात न्हाई, दुसऱ्याच्या घरी कामाला राह्यली. तिला बघून आई जेवायची न्हाई. आई जेवली न्हाई म्हणून ताई जेवायची न्हाई. त्या दोघी जेवल्या न्हाईत म्हणून रेखा ताट पुढं घेऊन बसून राहायची. मंग मी एकटा कसा जेवू, सांगा? जेवायचो. पण अन्न गोड लागायचं न्हाई.

एप्रिल संपता संपता दाजींचा निरोप आला. दारू सोडली. अडीच महिने झाले, थेंबाला हात लावला न्हाई. न्यायला येऊ का?

आता आमच्यात असं एकदम न्यायला येता येत न्हाई. आधी बैठक बसती. दोन्हीकडची जाणती माणसं सतरंजीवर बसतात, मागचं सगळं उकरून काढतात, जावयाला झाप झाप झापतात, जावई मान खाली घालून ऐकतो. अन् मिटलं का सगळे मिळून काहीतरी गोड घेतात. गोड घेतलं म्हंजे शिक्का बसला. ज्यानं घेतलं न्हाई, त्याच्या मनात अजून खोट हाये असं धरतात.

आमचे वडील न्हाईत, म्हणून आमच्याकडून मामा. मामा म्हंजे कडक माणूस. आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं न्हाई. मामांनी फोनवरच सांगून टाकलं, "रविवारी बसू. मिटलं तर पोरगी घरी, न्हाई मिटलं तर फारकत. मला अधलंमधलं चालत न्हाई." एवढं ऐकलं अन् ताई मोरीत जाऊन नळ सोडून बसली. नळाला पाणी न्हवतं, तरी.

असा सगळा मामला. अन् अशा वक्ताला, बैठकीच्या आदल्या दिवशी, ह्या तुमच्या शहाण्याला काय सुचलं? कॉकटेल!

तुम्ही म्हणाल, भास्कर, तू पितो? न्हाई! बिलकुल न्हाई! म्हंजे पगार झाला का मित्रांसंग थोडी. कोणाची बदली झाली तर थोडी. पाऊस पडला तर थोडी, न्हाई पडला तर त्या टेन्शननं थोडी. त्याला काय पिणं म्हणत न्हाईत. पिणं म्हंजे दाजींचं. माहं आपलं माणसांत राहणं.

मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत हाये. बियाण्याला रंगाचा थर चढवायचं मशीन चालवतो. लाल म्हणा, निळं म्हणा, हिरवं म्हणा, दाण्यादाण्याला बराबर एकसारखा रंग. महिन्याखाली आमच्या मोठ्या साहेबांच्या घरी जेवण होतं. तिथं मी जिंदगीत पहिल्यांदा ते बघितलं. उंच काचेचा ग्लास. खाली लाल, मधात पिवळं, वर निळं. अन् रंग एकमेकांत मिसळत न्हाईत! साहेब म्हणले, "व्होडका आहे यात." मी बघतच राह्यलो. हिला दारू कोण म्हणंल? दारू म्हंजे पेपरात गुंडाळून, शर्टाखाली दाबून आणायची चीज. हे तर आरास करून ठेवावं असं दिसत होतं.

तवापासून डोक्यात बसलं, का हे आपण घरी करायचं. रंगाचं काम तर माह्या डाव्या हाताचा मळ!

तो शनिवार संकष्टीचा. आई, ताई अन् रेखा तिघी राजूरच्या गणपतीला गेल्या, उद्याचं नीट पार पडू दे म्हणून साकडं घालायला. मला म्हणल्या, चल. मी म्हणलो, "कंपनीला सुट्टी न्हाई." सुट्टी होती.

खरं सांगू? मला त्या घरात गुदमरल्यासारखं होऊन राह्यलं होतं. चार महिने कोणी हसलं न्हवतं. मला वाटलं, एक दुपार. एक रंगीत ग्लास. आपल्याला बी काही जीव हाये का न्हाई? बायाबापड्या माह्या बहिणीच्या संसारासाठी उपाशीपोटी रांगेत उभ्या, अन् मी मोबाइल मिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला.

सामान सगळं आणलेलं. व्होडकाची आख्खी बाटली. लाल रंगाला गुलाबाचं सरबत. पिवळ्याला चौकातून मोसंबीचा ताजा रस. निळ्याला किराणा दुकानातला खायचा रंग. न्हाई न्हाई, कंपनीतला रंग न्हाई आणला, तो विषारी असतो. एवढी अक्कल हाये मला. तेवढीच हाये.

व्हिडिओतली बाई म्हणती, चमचा उलटा धरा अन् त्याच्यावरून हळूच सोडा. लाल थर झकास बसला. मंग मोसंबी. चमचा उलटा धरला, हळूच सोडला, अन् पिवळं सरळ लालमधी जाऊन बसलं. जाऊ द्या म्हणलं, निळं तर वर तरंगंल! निळा रंग व्होडकात कालवला अन् सोडला. रंग कसा झाला म्हणता? आमच्या गल्लीतली नाली बघितली ना तुम्ही? तसा.

आता तिथंच ओतून दिलं असतं तर मिटलं असतं. पण महागाची चीज, टाकवंल कशी? म्हणून सुधारायला गेलो. हिरवं वाळ्याचं सरबत घातलं. आणखीन घाण. ती घाण झाकायला गुलाब घातलं. फार गोड झालं म्हणून मोसंबी घातली. पातळ झालं म्हणून व्होडका घातली. ग्लासात मावंना म्हणून तांब्यात ओतलं, तांब्यात मावंना म्हणून पातेल्यात. रंग सरळ होता होईना. तासाभरात बाटली रिकामी, अन् पातेलंभर काळंजांभळं काहीतरी तयार. वास म्हणाल तर गुलाब, वाळा अन् मोसंबी, त्याच्यात दुसरं काही कळतच न्हवतं.

चमचाभर चाखलं. अन् तुमची शपथ, चव भारी होती हो!

ग्लास भरणार, तेवढ्यात जिन्यात पैंजण वाजले. राजूरहून येताना त्याहिला एक जीप फटक्यात मिळाली होती. गणपती पावला म्हणे! मी बाटली दडवली, पातेलं फ्रिजमधी सारलं, दार लावलं. रेखानं आल्या आल्या थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला.

"अवो, हे काय हाये पातेल्यात?"

"सरबत."

"सरबत? अन् तुम्ही केलं?"

"हां मंग. उद्या पाव्हणे येऊन राह्यले ना. बैठक झाल्यावर काहीतरी गोड लागतं, म्हणून केलं."

का म्हणलो असं? कोणी विचारलं होतं पाव्हण्याचं? पण तोंडातून गेलं ते गेलं. अन् रेखाच्या डोळ्यात पाणी! "आत्याबाई, ऐकलं का? ह्यांनी सुट्टी काढून ताईंसाठी सरबत केलं. दिवसभर राबून." आई आली. आईनं पातेल्यात बघितलं, माह्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ताई दारात उभी होती. ती चार महिन्यांत पहिल्यांदा माह्याकडं बघून हसली. म्हणली, "भाश्या, मला वाटलं तुला माहं ओझं झालं."

सांगा आता. ह्याच्यानंतर कसं सांगायचं का ताई, हे तुह्यासाठी न्हाई?

मी ठरवलं, सकाळी उठून गुपचूप मोरीत ओतून देऊ, दुकानातून दुसरं आणू. अन् आता तुमच्यापासून काय लपवू? त्याच रात्री आई अन् रेखा गच्चीवर चंद्र बघायला गेल्या, ताई बी गेली. स्वयंपाकघर रिकामं होतं. ओतून देता आलं असतं. फ्रिज उघडला, पातेल्याला हात लावला, अन् झाकण नीट लावून परत ठेवलं. जीवच झाला न्हाई.

सकाळी उठलो तर गल्लीत बोंब, "पाणी आलं! पाणी आलं!" बारा दिवसांनी नळ आला होता, अन् तो बी बैठकीच्या दिवशी. वरच्या नळाला पाणी चढत न्हाई; खाली नळ, वर आमचं घर. मी बादल्या वाहून राह्यलो, अन् वर तिघी जणी हंडे, कळश्या, टोप भरून राह्यल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा न्हाई. चौदाव्या का पंधराव्या बादलीला वर आलो तर रेखा मोठ्या डेऱ्यात पळी फिरवत उभी.

"काय करून राह्यली?"

"तुमचं सरबत पुरलं नसतं. पाणी घातलं, साखर घातली, सब्जा घातला. आता कसं मस्त दिसून राह्यलं बघा, जांभळाच्या सरबतावाणी!"

"चा... चाखलं का तू?"

"मी? आत्याबाई काय म्हणतात माहीत न्हाई का? पाव्हण्याचं उष्टं करू न्हाई."

मी बादली खाली ठेवून काहीतरी बोलणार, तेवढ्यात खालून मामांचा आवाज. "भास्कर! वर येऊ का?"

बैठक बसली. एका बाजूला मामा अन् आमच्या भावकीतले दोघं जण. दुसऱ्या बाजूला दाजी अन् त्यांचे चुलते तात्या. आई उंबऱ्यापाशी. ताई आतल्या खोलीत, दाराआड. दाजींना बघून मला गलबललं. माणूस वाळून गेला होता. शर्ट इस्त्रीचा, पण गळ्यापाशी दोन बोटं ढिला. बसले तेच मान खाली घालून.

मामांनी सुरुवात केली. तात्या बी काही कमी न्हाईत, ते म्हणले आमची सून बी उलटून बोलती. त्याच्यावरून जुंपली. मंग लग्नातल्या मानपानाचं निघालं, तात्यांना फेटा बांधला न्हाई, अन् बांधला तो फाटका होता. आठ वर्षांखालचा फेटा! पंखा गरगर फिरून राह्यला, अन् माहं सगळं ध्यान आत, त्या डेऱ्यात.

अन् मंग मी काय केलं असंल? भीतीनं माणूस काय करतो? जोरजोरात बोलतो. बैठकीत सगळ्यात मोठा आवाज माहा! "दाजी, दारू म्हंजे काय हाये माहीत हाये का? ज्या घरात बाटली आली त्या घरातून लक्ष्मी गेली! अहो, बायकोच्या डोळ्यात बघायची लाज कशी वाटत न्हाई माणसाला?" मामा मान डोलावून राह्यले. भावकीतले म्हणले, "वा, पोरगं मुद्द्याचं बोललं." दाजी खाली बघूनच म्हणले, "बराबर हाये भाऊ. चूक माहीच होती."

त्या माणसानं मला 'भाऊ' म्हणलं अन् मला जमीन फाटली तर बरं असं झालं. पण जमीन काही फाटली न्हाई. आईचा आवाज आला, "ऊन किती हाये बाई! रेखा, सरबत आण गं."

मी ताडकन उठलो. "मी आणतो!"

रेखा दारातूनच म्हणली, "बसा तुम्ही. छान बोलून राह्यले." अन् ट्रे बाहेर.

"मामा, तुम्हाला शुगर हाये!" मी ओरडलो.

"पोरा, भाचीच्या संसाराचं गोड हाये. एक दिवस चालतं." अन् मामांनी अर्धा ग्लास एका दमात खाली केला. डोळे मिटले. उघडले. "वा! कशाचं हाये रे?"

"गुलाब... मोसंबी..."

"घशाला जरा चरचरतं."

"आलं घातलंय, मामा."

"अन् पोटात ऊब वाटून राह्यली."

"मिरं बी घातलंय."

"उन्हाळ्याला लई चांगलं!" मामा म्हणले अन् दुसरा ग्लास उचलला.

तुम्हाला सांगतो, पुढच्या अर्ध्या तासात असं काही जमलं, का मी शंभर बैठका बघितल्या पण अशी बघितली न्हाई. तात्या पहिल्या ग्लासात नरमले, दुसऱ्यात हसले. मामांनी स्वतःहून फेट्याची माफी मागितली. तात्या म्हणले, "अहो, फेट्याचं काय घेऊन बसले, तुमच्यासारखा देवमाणूस मिळतो का?" दोघांनी गळाभेट घेतली. सोडायलाच तयार न्हाईत! भावकीतला एक जण विनाकारण रडायला लागला. आईनं बी एक ग्लास घेतला होता. ती पदरानं वारा घेत म्हणली, "चार महिन्यांनी आज कसं हलकं वाटून राह्यलं बाई." मला हसू बी येईना अन् रडू बी येईना. मी आपला दर वक्ताला, "मामा, पाणी घ्या, पाणी घ्या."

"तर मिटलं!" मामांनी सतरंजीवर थाप मारली. "पोरगी आजच जाईल."

अन् तेवढ्यात मामांचं ध्यान गेलं. दाजींचा ग्लास भरलेला. जसाच्या तसा.

"जावईबापू, घ्या की."

"नको, मामा."

"काहून नको?"

"नको म्हणलं."

मी बघितलं होतं हो. दाजींनी ग्लास सुरुवातीलाच उचलला होता, तोंडापाशी नेला होता, अन् थांबले होते. आख्ख्या बैठकीत एकट्यालाच ओळखू आलं होतं. येणारच ना! तवापासून ते घामानं भिजून बसले होते. समोर तांबडाजांभळा ग्लास, त्याच्यात बर्फ, अन् अडीच महिन्यांची तहान.

"म्हंजे आमच्या घरचं गोड चालंना तुम्हाला?" मामांचा पारा चढला. अशा वक्ताला पारा लई जल्दी चढतो. "म्हंजे मनात अजून हाये! एवढं सगळं तोंडदेखलं?"

तात्या, त्यांचेच सख्खे चुलते, त्यांच्या पाठीवर धपके मारून राह्यले. "पी रे! पी! खानदानाच्या इज्जतीचा सवाल हाये! एका ग्लासानं काय होतं?"

जाणती माणसं बघा कशी. ज्याची दारू सोडवायला जमली, त्यालाच सगळे मिळून म्हणून राह्यले, पी. दाजींनी ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्यांनी वर बघितलं. मामांकडं न्हाई, तात्यांकडं न्हाई. माह्याकडं.

त्यांना कळलं होतं. सगळं. अन् तोंडातून शब्द काढला न्हाई. एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते, मी मेलो असतो.

अन् मला काय करायचं होतं? एवढंच म्हणायचं होतं, का दाजी, ठेवा तो ग्लास, चूक माही हाये. चार-सहा शब्द! पण सगळे माह्याकडं बघून राह्यले होते, मामा, आई, रेखा. अन् मी, ताईचा सख्खा भाऊ, म्हणलो, "घ्या ना दाजी. ताईसाठी तरी घ्या."

हसू नका. इथं हसायचं न्हाई. हे आठवलं का मला आज बी घास उतरत न्हाई.

दाजींनी ग्लास खाली ठेवला. सावकाश, सांडू न देता. हात जोडले. "मामा, तुम्ही म्हणाल ते कबूल. नाक घासायला लावा, घासतो. पण हे मी पिणार न्हाई. त्याच्यानं मोडत असंल तर मोडू द्या." अन् उठले. पायात चपला घालायला लागले.

"बघा! बघा हा माज!" मामा उठायला गेले अन् खाली बसले. परत उठायला गेले, परत बसले. "फारकत! आजच्या आज फारकत! भास्कर, मला उठव!"

आतून ताई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सरकलेला, चेहरा पांढरा फटक. वाकून तो भरलेला ग्लास उचलला, नाकापाशी नेला. आठ वर्षं ज्या बाईनं रोज नवऱ्याचा शर्ट हुंगून धुतला, तिला गुलाबानं फसवता येतं का? तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे कोणी केलं?"

अन् आमची आई, लेकराच्या कौतुकानं, एका ग्लासाच्या आनंदात, मोठ्यांदा म्हणली, "माह्या भाश्यानं! कोणाचा हात लागू दिला न्हाई. काल दिवसभर खपला!"

ताई मामांकडं वळली. "मामा, तुम्ही किती घेतले?"

"तीन," मामा म्हणले. "काहून?"

"दारू हाये ही."

मामांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, जसा तो हात दुसऱ्या कोणाचा हाये. तात्यांनी आपल्या ग्लासात डोकावून बघितलं, काही उरलंय का. आई भिंतीला टेकली अन् हळूच म्हणली, "मला बी पाजली का रे?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईनं पिशवी आत भरूनच ठेवली होती. घेऊन आली. मामांच्या पाया पडली, आईच्या पडली. रेखाला कवटाळलं. दाजींना म्हणली, "चला. मला काही गोड लागत न्हाई." जिन्याच्या तोंडाशी थांबून मागं बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. ती म्हणली, "भाश्या, ग्लासाचं मला काही न्हाई. पण 'ताईसाठी घ्या' म्हणलास, माहीत असून." अन् गेली.

म्हंजे ताईचं मिटलं बरं का! त्या ग्लासानंच मिटलं. माह्यासारख्यानं एवढा जोर लावून बी ज्या माणसानं घोट घेतला न्हाई, त्याच्यावर आणखीन काय विश्वास ठेवायचा राह्यला? हसनाबादला आता सगळं ठीक हाये, आईला रोज फोन येतो. मी उचलला का फोन कट होतो.

मी म्हणलं, चला, ताई नांदायला गेली, गोष्ट संपली. ट्रे उचलायला वाकलो.

"राहू द्या ते," रेखा म्हणली. अन् पदर खोचून सतरंजीच्या मधोमध येऊन उभी राह्यली. "मामा, बैठक उठली न्हाई ना अजून?"

मामा म्हणले, "मला उठताच येऊन न्हाई राह्यलं, पोरी."

"मंग माहं बी एक गाऱ्हाणं हाये. चार महिने थांबले. म्हणलं, आधी ताईंचं मिटू द्यावं, एका घरात दोन रडगाणी नको. हा माणूस दोन पुड्या बडीशेप खाऊन घरी येतो. आधी पगाराच्या दिवशी यायचा, आता आठवड्याला येतो. मी विचारलं का म्हणतो, जेवण जड झालं. मला काय वास येत न्हाई का? मला नाक न्हाई?"

"रेखा, अगं मी पीत न्हाई," मी म्हणलो. "हे कॉकटेल हाये. रंगीत असतं."

भावकीतला जो रडत होता तो म्हणला, "पोरा, गप बस."

बैठकीत गाऱ्हाणं आलं का मामा आधी साक्षीपुरावा मागतात, तशी त्यांची शिस्त हाये. त्या दिवशी मागितला न्हाई. पुरावा सगळ्या पंचांच्या पोटात होता.

रेखा त्याच दिवशी अंबडला माहेरी गेली. आता येत्या रविवारी तिच्या माहेरी बैठक हाये. माही. आपल्या बाजूनं कोणी जाणता माणूस न्यावा लागतो, जबान द्यायला. मामांना विचारलं, मामा म्हणले, मला चार माणसांत तोंड न्हाई राह्यलं. भावकीतले फोन उचलत न्हाईत. तात्या म्हणले, सरबत असंल तर येतो.

तीन आठवडे हिंडलो. माह्या शब्दाला जामीन राहायला आख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस तयार झाला. काल त्याचा स्वतःहून फोन आला. म्हणला, "भाऊ, घाबरू नका, मी हावो. पहिले पंधरा दिवस जड जातात, मंग जमतं." रविवारी पहिल्या गाडीनं हसनाबादहून येऊन राह्यलेत, दाजी.